एकाच तपकिरी रंगाच्या दोन पेशी

मुलगा पॅथॉलॉजीच्या खिडकीशी उभा होता. एका हातात वडिलांच्या यकृताच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात मोबाइल. रिपोर्टात मीच लिहिलेली ओळ त्यानं पेनानं अधोरेखित केली होती: 'गाठीतल्या सुमारे १५ टक्के पेशी के-१९ पॉझिटिव्ह. मूळपेशींसारखे गुणधर्म. गाठ पुन्हा येण्याचा धोका जास्त.' मोबाइलवर एक जाहिरात उघडलेली. सिरॉसिसवर (यकृत तंतूंनी भरून खडबडीत होतं तो आजार) स्टेम सेलचा, म्हणजे मूळपेशींचा, उपचार, पैसे हप्त्यांनी भरले तरी चालतील.

"मॅडम, तुम्ही म्हणता स्टेम सेल आहेत म्हणून धोका. हे म्हणतात स्टेम सेल सोडून लिव्हर नवं करून देतो. नेमकं खरं कुणाचं?"

"नाव एक, गुण वेगळे," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. मागे रांग होती आणि टेबलावर फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तातडीनं तपासायचा तुकडा, येऊन पडलं होतं. पण प्रश्न चोख होता. संध्याकाळी त्याच्या वडिलांची स्लाइड पुन्हा काढली आणि बसले. हे लिखाण त्या स्लाइडबद्दल आहे.

एक खुलासा आधीच करते. यातले काका, म्हणजे त्या मुलाचे वडील, हे कुणी एक माणूस नव्हेत. टेबलावर आलेल्या तीन-चार प्रकरणांचे धागे एकत्र विणले आहेत आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र मात्र अशा यकृतांत नेहमी दिसतं तेच आहे.

काका ५७ वर्षांचे. मार्केट यार्डात एका पेढीवर हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेलं. दारू नाही, तंबाखू नाही. सोळा वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिलं आणि काही आठवड्यांनी 'भेटून जावे' अशी चिठ्ठी आली. हिपॅटायटिस बी, म्हणजे घरच्यांच्या भाषेत पांढरी कावीळ. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी लिव्हरच्या तपासण्या केल्या, सगळे आकडे मर्यादेत निघाले, आणि फाइलवर 'नॉर्मल, काही करण्याची गरज नाही' असा शेरा पडला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, हे त्या सोळा वर्षांत त्यांना कुणीच सांगितलं नाही. मोठ्या वहिनींनी मात्र गावाकडून काविळीची माळ आणली. डोक्यावरची माळ लांबत लांबत गळ्याखाली आली की कावीळ उतरली, असा समज. माळ लांबली. काकांचे डोळे मुळात कधी पिवळे झालेच नव्हते, त्यामुळे उतरायला काही नव्हतं. मला त्या माळेचा राग येत नाही. राग येतो फाइलवरच्या 'नॉर्मल'चा, कारण त्या शब्दानं माळेपेक्षा जास्त माणसं निश्चिंत करून घरी पाठवली आहेत.

जेवणानंतर पोट जड वाटतं म्हणून शेवटी सोनोग्राफी झाली. यकृताचा पृष्ठभाग खडबडीत, उजव्या भागात ४.२ सेंटिमीटरची गाठ. तीन टप्प्यांच्या सीटीत ती गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि पुढच्या टप्प्यात आसपासच्या यकृतापेक्षा काळवंडली. सिरॉसिसच्या यकृतात असं चित्र दिसलं की निदानासाठी सुई टोचावी लागत नाही. रक्तातलं अल्फा फीटोप्रोटीन ८६०. हे प्रथिन गर्भाच्या यकृतात मुबलक असतं आणि मोठ्या माणसात जवळपास नाहीसं होतं. उरलेलं यकृत भार पेलेल असं दिसलं आणि सर्जननी तो भाग काढला.

फॉर्मॅलिनमधून बाहेर काढून आडवा कापला तेव्हाचं दृश्य सांगते. निरोगी यकृत कापलं की मटणाच्या दुकानातल्या कलेजीसारखं दिसतं: एकसंध, गुळगुळीत, ओलसर तपकिरी. काकांचं तसं नव्हतं. सगळीकडे वाटाण्याएवढ्या गोल गाठी आणि त्यांच्यामधून पांढुरके तंतूंचे बांध. शेताचे बारीक वाफे पाडावेत तसं. मधोमध कॅन्सरची गाठ, भोवती पातळ कवच, आणि तिच्या काही भागांचा रंग शेवाळी हिरवा. तो हिरवा रंग पित्ताचा. त्या हिरव्याकडे पुन्हा यायचं आहे.

कापाच्या कडेपासून गाठ ११ मिलिमीटर लांब होती. म्हणजे सर्जनच्या बाजूनं काम स्वच्छ. पण एका बारीक शिरेत कॅन्सरच्या पेशींचा पुंजका सापडला, आणि तिथं मी खुर्ची पुढे ओढली.

नंतर के-१९चा डाग दिला. के-१९ हे पेशीच्या सांगाड्यातलं एक केराटिन. यकृताच्या मुख्य कष्टकरी पेशी, म्हणजे हिपॅटोसाइट, ते बनवत नाहीत. ते असतं पित्तनलिकांच्या अस्तरात आणि यकृताच्या राखीव पेशींत. डाग लागला की तपकिरी दिसतं, बाकी सगळं फिकट निळं. काकांच्या स्लाइडवर तपकिरी रंग दोन ठिकाणी होता. एक, गाठीच्या बाहेर, सिरॉसिसच्या बांधांच्या काठानं: बारीक नळ्यांसारख्या पेशींच्या रांगा, भिंतीच्या कडेनं मुंग्या जाव्यात तशा. दोन, गाठीच्या आत: काठाजवळ दाट आणि मध्ये मध्ये पुंजक्यांनी. रंगाची छटा तीच. मोठ्या भिंगाखालीसुद्धा दोन्हीकडच्या पेशी लहानशा, केंद्रक मोठं, भोवतालचा द्रव थोडा. पहिल्या राखीव पेशी आणि दुसऱ्या कॅन्सरच्या. शिकायला आलेल्या डॉक्टरांना मी नेहमी विचारते, "शिक्का एकच आहे, मग फरक कुठं?" बहुतेक जण आकाराकडे बोट दाखवतात. आकारात फारसं काही सापडत नाही.

आधी गाठीबाहेरच्या पेशी पाहू.

यकृताची भरून येण्याची ताकद इतकी बोलली जाते की सगळ्यांना वाटतं, तिथं मूळपेशींची मोठी फौज असणार. तशी ती नाही. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढण्याची पद्धत मांडली. उरलेलं यकृत साधारण आठवडा-दहा दिवसांत मूळ वजनाला येतं. हे काम मूळपेशी करत नाहीत. रोजच्या कामातल्या हिपॅटोसाइटच विभागतात, म्हणजे कामगारच दोन पाळ्या करतात. आतड्यात किंवा रक्तात असतो तसा मूळपेशींचा अखंड कारखाना निरोगी यकृतात चालू नसतो. म्हणूनच 'यकृताची मूळपेशी' या शब्दावर अजून वाद होतात. काही अभ्यासक 'राखीव पेशी' म्हणणंच पसंत करतात आणि मीही त्यांच्याच बाजूची.

या राखीव पेशी राहतात हेरिंगच्या नलिकांत. हिपॅटोसाइटमधून झिरपलेलं पित्त पित्तनलिकेला जिथं मिळतं तो हा सांधा. एका बाजूला हिपॅटोसाइट, दुसऱ्या बाजूला पित्तनलिकेची पेशी. एकोणिसाव्या शतकातल्या एवाल्ड हेरिंग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं. १९५६ साली फार्बरनं रसायनं दिलेल्या उंदरांच्या यकृतात अंडाकृती केंद्रकाच्या लहान पेशी वाढताना पाहिल्या आणि त्यांना 'ओव्हल पेशी' म्हटलं. माणसात त्यांचं भावंड म्हणजे काकांच्या बांधांकाठची ती तपकिरी रांग.

त्या बाहेर कधी पडतात? हिपॅटोसाइट थकल्यावर. विषाणूचा मारा वर्षानुवर्षं चालू राहिला, विभागून विभागून कामगारांचा दम संपला, की राखीव दल बाहेर येतं. २०१७ साली एडिंबराच्या संशोधकांनी उंदरांत हिपॅटोसाइटची विभागणीच अडवून ठेवली. तेव्हा पित्तनलिकेच्या बाजूच्या पेशींतून सुमारे पाव हिपॅटोसाइट नव्यानं तयार झाले. विभागणी अडवली नव्हती तोवर त्यांचा वाटा नगण्य होता.

बाहेर पडल्यावर काय व्हायचं हेसुद्धा ती पेशी एकटी ठरवत नाही. एडिंबरातल्याच एका गटानं २०१२ साली दाखवलं की शेजारी तंतू विणणाऱ्या पेशी असतील तर त्यांच्या नॉच संदेशानं ती पित्तनलिकेकडे वळते. शेजारी मृत हिपॅटोसाइटचा कचरा गिळलेल्या भक्षक पेशी असतील, तर त्या विंट संदेश देतात आणि ती हिपॅटोसाइटकडे वळते. मोडतोड कुठली झाली आहे ते शेजारी सांगतात, दुरुस्ती तशी होते. घरात नवीन सून आली की आधी सासूचं तोंड बघते, तसं. (ही उपमा आमच्या वॉर्डातल्या सिस्टरची. मी त्यांना म्हटलं, "तुमच्या वेळचं सांगू नका.")

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही पेशी थांबते. यकृत शरीराला लागतं तेवढंच वाढतं. छोट्या माणसाला मोठं यकृत बसवलं तर ते मापात येतं आणि मोठ्याला लहान बसवलं तर वाढून थांबतं. हा ब्रेक कसा लागतो त्याचा एक धागा २००७ साली अमेरिकेतल्या दोन प्रयोगशाळांनी पकडला. याप नावाचं प्रथिन उंदराच्या यकृतात सतत चालू ठेवलं, तर यकृत काही आठवड्यांत सुमारे चौपट झालं. प्रथिन बंद केलं की पुन्हा मापावर आलं. पण बंद न करता तसंच ठेवलं, तर काही महिन्यांत त्यात गाठी झाल्या. हिप्पो नावाची संदेशसाखळी एरवी याच यापला वेसण घालून असते. वेसण तुटल्यावरही काही काळ मागे फिरता येतं, फार उशीर केला तर येत नाही, हे मला त्या प्रयोगातलं सगळ्यात बोलकं वाटतं.

आता गाठीतल्या पेशी.

'कॅन्सरची मूळपेशी' हा शब्द आपण सवयीनं शिक्क्यावरून, म्हणजे पेशीची ओळख सांगणाऱ्या प्रथिनांवरून, वापरतो. के-१९, सीडी-१३३, एपकॅम वगैरे. मूळ व्याख्या वागण्याची आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात थोड्याच पेशी टोचल्या तर गाठ उभी राहते का, त्या गाठीत मूळ गाठीसारखेच नानाविध प्रकार दिसतात का, आणि तिच्यातून पेशी काढून पुढच्या उंदरात टोचल्या तर पुन्हा तेच होतं का? ही परीक्षा रक्ताच्या कॅन्सरमध्ये टोरांटोच्या बोने आणि डिक यांनी १९९७ साली ठसठशीत करून दाखवली. यकृतापर्यंत ती पुढच्या दशकात आली. हाँगकाँगच्या गटानं २००७ साली यकृताच्या कॅन्सरमधल्या सीडी-१३३ असलेल्या पेशी या परीक्षेत पास होतात हे मांडलं. त्यांची सुरुवात कॅन्सरपासून झाली नव्हती हे मला फार आवडतं. उंदराचं यकृत कापल्यानंतर भरून येतं तेव्हा कुठली चिन्हं वाढतात हे पाहताना सीडी-१३३ हाती लागलं, आणि मग तेच चिन्ह गाठीत शोधलं गेलं. म्हणजे मुलाचा गोंधळ त्याच्या जाहिरातीपुरता नव्हता. शास्त्रानंही हा शिक्का दुरुस्तीच्या कामावरूनच उचलला आहे.

२००९ साली एपकॅम असलेल्या पेशींबद्दल असंच दिसलं, आणि त्या अल्फा फीटोप्रोटीनही बनवत होत्या. काकांचं ८६० आठवा: गर्भाच्या यकृताचं गाणं सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा सुरू झालेलं.

मग फरक कुठं? मला जो पहिला दिसतो तो जनुकांत. राखीव पेशीचा जनुकसंच शाबूत असतो. २०१५ साली माणसाच्या यकृतातल्या पित्तनलिकेच्या पेशींपासून बशीत छोटी यकृतं, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवली गेली. महिनोन्‌महिने विभागूनही त्यांचे गुणसूत्र बऱ्यापैकी स्थिर राहिले. दोन वर्षांनी यकृताच्या कॅन्सरपासून तसेच ऑर्गनॉइड वाढवले, तर त्यांनी मूळ गाठीतले बदल जसेच्या तसे जपले. बशी तीच, खुराकही जवळपास तोच, पण एक हिशेब चुकवत नाही आणि दुसरी चुकलेलाच हिशेब पुढे लिहीत राहते.

हे बदल कुठले? सगळ्यांत आधी दिसणारा असतो टर्ट जनुकाच्या कळीचा, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या बटणाचा. साध्या पेशीत दर विभागणीला गुणसूत्राची टोकं झिजतात आणि ठरावीक विभागण्यांनंतर पेशी थांबते. टर्ट ती टोकं पुन्हा वाढवतं. प्रौढ हिपॅटोसाइटमध्ये ते बंद असतं. यकृताच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून अधिक गाठींत त्याच्या कळीत एका अक्षराचा बदल सापडतो, आणि सिरॉसिसमधल्या संशयास्पद गाठींतही तो आधीच दिसू लागतो. हिपॅटायटिस बीमध्ये आणखी एक वाट असते. विषाणूचा डीएनए स्वतःच आपल्या गुणसूत्रात टर्टच्या शेजारी जाऊन बसतो आणि कळ दाबून धरतो. म्हणून हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, आणि म्हणूनच लिव्हरचे आकडे 'नॉर्मल' असण्याला तेवढा अर्थ नाही. दुसरा बदल बीटा-कॅटेनिनचा. राखीव पेशीला विंटचा संदेश शेजारच्याकडून यावा लागतो. बीटा-कॅटेनिन बिघडलं की पेशीला आपण हाक ऐकली असं आपोआप वाटत राहतं. तिसरा पी-५३चा, म्हणजे बिघाड दिसला की थांबवणाऱ्या पहारेकऱ्याचा. शेंगदाण्याला, मक्याला बुरशी लागली की जे अफ्लाटॉक्सिन तयार होतं ते याच जनुकाच्या २४९व्या जागेवर ठरावीक ओरखडा काढतं. बी विषाणू आणि असं धान्य एकत्र आले की धोका गुणाकारानं वाढतो. साठवणीच्या पोत्याला ओल लागू न देणं हा यकृताच्या कॅन्सरचाही विषय आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

दुसरा फरक शेजाऱ्यांशी असलेल्या नात्यात. राखीव पेशी शेजाऱ्यांचं ऐकते. कॅन्सरची मूळपेशी शेजारी स्वतः घडवते: भक्षक पेशींना आपल्या बाजूला वळवते, तंतू विणून घेते, रक्तवाहिन्या बोलावते. काकांच्या गाठीत तपकिरी पुंजके नेमके कवचाच्या आतल्या काठाला आणि शिरेजवळ दाट होते.

तिसरा फरक त्यांच्या लेकरांत, आणि इथं तो हिरवा रंग येतो. राखीव पेशीचं अपत्य पूर्ण हिपॅटोसाइट होतं. अल्ब्युमिन बनवतं, साखर साठवतं, पित्त तयार करतं आणि ते नलिकेत सोडतं. कॅन्सरच्या मूळपेशीची अपत्यंही घराण्याचं काम विसरलेली नसतात. काकांच्या गाठीतल्या पेशी पित्त बनवत होत्या. पण त्यांच्या नळ्या कुठल्याच पित्तनलिकेला जोडलेल्या नव्हत्या. पित्त तिथंच तुंबलं आणि गाठ शेवाळी झाली. पेशी काम करतात, पण ते कुणाच्याच पदरात पडत नाही. भिंगाखाली ते हिरवे थेंब पाहिले की मला दर वेळी वाईट वाटतं, आता कारण विचारू नका.

झोपेचं मात्र दोघींत साम्य आहे, आणि धोका तिथंच आहे. राखीव पेशी बराच काळ निवांत असते. ओसाकाच्या गटानं २०१० साली सीडी-१३ असलेल्या कॅन्सर पेशी दाखवल्या, त्याही विभागणी थांबवून पडून राहतात. विभागणाऱ्या पेशींना मारणारं औषध त्यांच्या डोक्यावरून जातं. गाठीचा रक्तपुरवठा बंद करून औषध सोडल्यावर उरलेल्या अशा पेशी त्यांना नेमक्या कवचालगत सापडल्या. शिवाय अशा पेशी औषध बाहेर फेकणारे पंप बाळगतात. यकृत हे मुळात विष निचरण्याचं घर, ते पंप घरातलेच.

मग गाठीतल्या तपकिरी पेशी या बाहेरच्या तपकिरी पेशींपासूनच निघाल्या का? मी कितीतरी वर्षं असंच शिकवलं. के-१९ पॉझिटिव्ह म्हणजे उगम राखीव पेशीत, असं फळ्यावर लिहिलं, परीक्षेत तेच उत्तर बरोबर धरलं. सोपं होतं आणि दिसायला पटण्यासारखं होतं. चूक होती. निदान इतकं ठामपणे सांगणं तरी चूक होतं. उंदरांत पेशीला कायमचं गोंदण करता येतं. त्या पेशीची सगळी लेकरं तेच गोंदण घेऊन जन्माला येतात. २०१५ साली असं गोंदण करून वेगवेगळ्या पद्धतींनी यकृताचा कॅन्सर घडवला, तेव्हा गाठी हिपॅटोसाइटच्या वंशातल्या निघाल्या, राखीव पेशींच्या नाहीत. त्याआधी २०१३ साली दुसऱ्या एका गटानं दाखवलं होतं की यकृताच्या वंशावळीतल्या कुठल्याही टप्प्यावरच्या पेशीला, अगदी प्रौढ हिपॅटोसाइटलाही, कॅन्सरकारक जनुकं घालून मूळपेशीसारखं वागायला लावता येतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि वर्षानुवर्षं विषाणू सोसलेलं यकृत उंदरात हुबेहूब उभं करता येत नाही, हे धरूनसुद्धा. अर्थ असा की मूळपेशीपण ही जात असेलच असं नाही. ती अवस्थाही असते. कामातली पेशी बिघडता बिघडता मागे जाऊ शकते आणि राखीव पेशीचा गणवेश घालू शकते. तेव्हापासून रिपोर्टात 'मूळपेशींपासून उद्भवलेली' लिहायचं मी सोडलं. 'मूळपेशींसारखे गुणधर्म' लिहिते. मुलानं अधोरेखित केलेल्या ओळीतला 'सारखे' हा शब्द फार विचारानं आलेला आहे, पण पेन नेमकं त्याच्यावरून सरकलं होतं.

या ओळीचा रुग्णाला उपयोग काय, हे सर्जन नेहमी विचारतात, आणि रास्त विचारतात. के-१९ पाहून द्यायचं खास औषध यकृताच्या कॅन्सरमध्ये आज नाही. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत ते सापडलं तर गाठ लवकर परतण्याची शक्यता वाढते, एवढं सांगता येतं. काकांच्या बाबतीत त्याचा उपयोग तारखांवर झाला. तपासण्या तीन-तीन महिन्यांवर आल्या आणि विषाणूसाठी टेनोफोविर सुरू राहिलं. घरच्यांची रक्ततपासणी झाली. मुलगा आणि काकू निगेटिव्ह, काकांचे धाकटे भाऊ पॉझिटिव्ह. दोघा भावांना बहुधा जन्मतःच आईकडून आलेलं. भावाचे उपचार २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत लागले. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस देऊन ही साखळी तोडता येते. तैवाननं १९८४ पासून तसं केलं आणि मुलांमधला यकृताचा कॅन्सर निम्म्यावर आला.

जाहिरातीचं उत्तर मी मुलाला आठवड्यानं दिलं, या वेळी खुर्चीवर बसवून. ब्रिटनमध्ये सिरॉसिसच्या ८१ रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. काहींना त्यांच्याच रक्तातून गोळा केलेल्या मूळपेशी पुन्हा सोडल्या. यकृत सुधारलं नाही आणि त्रासदायक घटना त्याच गटात जास्त झाल्या. गोळा केलेल्या पेशी होत्या सीडी-१३३ पॉझिटिव्ह. तोच शिक्का. त्या अस्थिमज्जेकडच्या, यकृताच्या नव्हेत, पण शिक्क्यावरून पेशीचा स्वभाव कळत नाही हे त्याला तिथं पटलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की रक्ताच्या आजारांसाठीचं मूळपेशी प्रत्यारोपण सोडता अशा उपचारांना मान्यता नाही. बाकी सगळं नोंदणीकृत चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. "हप्ते मागतायत म्हणजेच..." तो म्हणाला, आणि वाक्य अर्धंच सोडलं.

दहाव्या महिन्यात अल्फा फीटोप्रोटीन पुन्हा चढलं. एमआरआयमध्ये उरलेल्या यकृतात दोन लहान ठिपके दिसले, १.८ आणि १.४ सेंटिमीटरचे. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आत परतलेली गाठ बहुतेक वेळा जुन्या गाठीचीच पसरलेली लेकरं असतात. उशिरा येते ती पुष्कळदा सिरॉसिसच्या जमिनीतून नव्यानं उगवलेली. मला ती शीर आठवली. दोन्ही ठिपके सुईनं उष्णता देऊन जाळले. आकार आणि संख्या पाहता काका प्रत्यारोपणाच्या मिलान निकषांत बसतात, पण लवकर परतलेली गाठ आणि के-१९ पाहून टीमनं आधी सहा महिने थांबून बघायचं ठरवलं. त्या काळात गाठ शांत राहिली तर पुढे जायचं. दाता म्हणून मुलानं नाव दिलं आहे.

परवा तो यकृताचं घनमापन करायच्या सीटीची चिठ्ठी घेऊन आला. माझ्याकडे यायचं कारण नव्हतं, पण आला.

"माझं किती काढतात?"

"उजवा भाग. साठेक टक्के. तुझ्याकडे तीस-पस्तीस टक्क्यांच्या वर उरतंय याची खात्री करूनच. म्हणून हे सीटी."

"आणि उरलेलं परत वाढतं म्हणे."

"तीन महिन्यांत बरंचसं. बाबांना बसवलेलंही वाढतं."

"जास्त वाढलं तर?"

"तुझं थांबेल."

त्यानं चिठ्ठीची चौघडी करून खिशात टाकली. सीटीला उपाशीपोटी यायचं का, एवढंच विचारलं.